मुदत संपलेली गोळी

मी एक गोळी बोलतेय. संबंध आल्यावर गर्भ राहू नये म्हणून तातडीनं घ्यायची असते, ती. पाकिटात आम्ही दोघी बहिणी होतो. आता मी एकटीच उरलेय.

दोन हजार चार साली आम्ही जालन्याला, मस्तगडच्या एका औषधाच्या दुकानात आलो. दुकानदार सर्जेराव आम्हाला खोकल्याच्या बाटल्यांमागं ठेवायचे. आम्हाला मागताना गिऱ्हाइकाचा आवाज खाली जायचा, देताना सर्जेरावांचाही.

परतूरच्या इंद्रभाननं आम्हाला विकत घेतलं. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. केदारखेड्याची कौसल्या त्याच्याच वर्गातली. दोघांचा एकमेकांवर जीव होता. आदल्या दिवशी जे घडलं, त्यानं दोघंही घाबरली होती. कॉलेजच्या सायकल स्टँडमागं त्यानं पाकीट तिच्या हातात दिलं.

"घेऊन टाक. दुकानदार म्हणला, काळजी मिटती."

"कशी मिटती?"

"मला बी बराबर ठावं न्हाई. इचारायची लाज वाटली."

दोघांनीही परीक्षेत गर्भाशयाची आकृती काढली होती. तिला नावं देऊन पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तेवढंच.

कौसल्याच्या खोलीत तिची मैत्रीण बेबीनंदा राहायची. पाकीट बघताच तिनं आधी दाराला कडी लावली.

"हे घेतलं की पुन्हा कधी लेकरू व्हत न्हाई म्हणतेत," ती म्हणाली.

"कोण म्हणतंय?"

"समद्याच पोरी म्हणतेत. आन् असलं घेणाऱ्या पोरी येगळ्या असतेत, कौसे. आपण तसल्या हावोत का?"

कौसल्यानं आम्हाला ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. आमचं काम पहिल्या तीन दिवसांतलं, त्यातही जितक्या लवकर तितकं चांगलं. त्या अंधारात ते दिवस निघून गेले.

पाळी चुकली तेव्हा तिनं घाईघाईनं माझ्या बहिणीला गिळलं. पण गर्भ राहिल्यावर आमचा काहीच उपयोग नसतो. इंद्रभान लग्न करू म्हणाला, पण घरी बोलायची हिंमत दोघांतही नव्हती. दवाखान्यात गावाकडचं कुणी भेटेल, या भीतीनं कौसल्या चोरून गर्भ पाडून देणाऱ्या एका बाईकडं गेली. आल्यावर अंगात ताप भरला, रक्त थांबेना. बेबीनंदानंच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दाखवायला म्हणून मलाही घेतलं.

डॉक्टर बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "वेळेवर घेतली असती तर बहुतेक यातलं काहीच झालं नसतं. हिनं वांझपण येत नाही. गर्भही पडत नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं?"

बेबीनंदानं मला परत घेतलं आणि आपल्याजवळच ठेवून दिलं.

कौसल्या वाचली. गर्भपिशवी मात्र काढावी लागली. तिची आई आशाबाई गावाहून आली आणि उशाशी बसून तिचे केस विंचरत राहिली.

"मला सांगायचं न्हाई का, बाई?" ती म्हणाली.

"तू मारलं असतं."

"मारलं असतं," आशाबाई म्हणाली. "मंग घेऊन आले असते दवाखान्यात."

कौसल्यानं परीक्षा दिली नाही. इंद्रभान दोनदा केदारखेड्याला गेला; तिच्या वडिलांनी त्याला वेशीवरूनच परत पाठवलं.

बेबीनंदा आता परतूरच्या कॉलेजात शिकवते. वर्ष संपत आलं की ती मुला-मुलींना एकत्र बसवते आणि मला टेबलावर ठेवते. पोरं खाली बघून हसतात, पोरी दाराकडं बघतात.

माझी मुदत कधीच संपली. मला घेऊ नका, पोरांनो. फक्त माझ्याबद्दल विचारा, आणि वेळ आहे तोवर विचारा.