दहा ते पाचची उघाडी

रामवाडीमागच्या खाडीत पूर्वी चिखल होता, चिखलात सरपटणाऱ्या निवट्या मासळ्या होत्या आणि निवट्या पकडायला मालूकाकी होती. मग पूरनियंत्रण आलं. दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती लागल्या, तिवरं तोडून तिथं वृक्षारोपणाचा फलक लागला आणि तोंडाशी भरतीचं पाणी अडवणाऱ्या जुन्या लाकडी उघाडीच्या जागी लोखंडी झडप बसली. आत जलपर्णी माजली. अहवालात तिला हिरवाई म्हटलं होतं.

झडपेवर मुरादला नेमलं. कुवेतला बारा वर्षं पंप सांभाळून आलेला माणूस. ओहोटीला झडप उचलून आतलं पाणी सोडायचं, भरतीला पाडून समुद्र बाहेर ठेवायचा; यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण पूरनियंत्रणाचे साहेब पाहणीला आले ते नेमके अष्टमीला. अष्टमीची ओहोटी दुपारची. दहाला झडप उचलली, पाणी शहाण्यासारखं निघून गेलं आणि साहेबांनी आदेश काढला: झडप रोज दहाला उघडावी, पाचला बंद करावी. आदेशाची प्रत समुद्राला पाठवायची तेवढी राहिली.

अमावास्या जवळ आली. अमावास्येला भरती ऐन बाराची. मालूकाकी तिथी मोजायची, मुराद चांद मोजायचा. उत्तर दोघांचं एकच यायचं. दहाला झडप उचलली तर खाडी काकीच्या चुलीत जाईल, हे त्यानं ऑफिसात जाऊन सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि चंद्राबाबत काही शासननिर्णय आहे का, ते विचारलं.

काकी बांधावर वाट बघत होती. "काय म्हनला रे तुझा सायेब?"

"वेळ पाळ म्हणाला."

"कोनाची?"

मुरादनं दहाला झडप उचलली नाही. उतार लागल्यावर तीनला उचलली आणि पाचला पाडली नाही. काकीची चूल कोरडी राहिली. चौथ्या दिवशी मुरादला घरी बसवलं. कारण लिहिलं होतं, वेळेचं भान नाही.

त्याच्या जागी निकेश आला. पौर्णिमेला त्यानं बरोबर दहाला झडप उचलली, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मुरादच्या सांगण्यावरून काकीनं तांदूळ आदल्याच दिवशी माळ्यावर टाकले होते. ऑफिसला या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते तर खाडीतच भराव घालून बांधलेलं, काकीच्या घराहून हातभर खाली.

बारा वाजले तेव्हा साहेब टेबलावर चढून बसले होते. झडपेबाहेरच्या चिखलात उरलेल्या निवट्या पाण्याबरोबर आत आल्या होत्या आणि जिन्याच्या पायऱ्या चढत होत्या. मुरादला बोलावणं गेलं. तो दारात गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाणी कधी उतरेल, असं साहेबांनी विचारलं.

"दोनला लागेल उतरायला," मुराद म्हणाला. "पण तेव्हा तुमची जेवणाची सुट्टी."

त्याच्या मागून काकी टोपली घेऊन आत शिरली.

"पाय वर घ्या सायेब," ती म्हणाली. "खाली निवटी हाय."