जोडीचा चाकू

“आणखी दोन? मग आबा, तुमच्या घरच्यांनी नेलेले चाकू काय झाले?”

लखीचंदने हे अगदी सहज विचारलं. दातात सुतळी धरून तो चाकू गुंडाळायला कागद फाडत होता. अभिमनला वाटलं, शेठ दुसऱ्याच कुणाशी बोलतो आहे. त्याने मागे वळून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर एक कुत्रं झोपलेलं होतं. बाकी कुणी नव्हतं.

“कोन्हा घरना?”

“तुमच्या. यशोदाबाई न्यायच्या ना. अगदी हाच, शिंगाच्या मुठीचा, पितळी टोपीचा. दुसरा दाखवला तर हात लावायच्या नाहीत.”

“तिले चाकूनं काय काम? मना चाकू एकच शे, शेठ. लगीनना साले तुमना बापकडथीन लेल.” अभिमनने बंडीच्या खिशातून आपला चाकू काढला आणि फळीवर ठेवला. “हाऊ दखा.”

लखीचंदने चाकूकडे पाहिलं, मग अभिमनच्या तोंडाकडे. नको ते बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं. “असेल, असेल. गिऱ्हाइकं कमी का येतात. माझीच गफलत झाली,” म्हणत तो कागदाच्या घड्या घालू लागला.

पण गफलत झालेला माणूस असा खाली मान घालत नाही.

अभिमन मोसंबीचे डोळे भरायचा, कलमं करायचा. दिवाळी सरली की मळेवाले त्याला बोलावून न्यायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाची साल चाकूने अलगद उकलायची, गोड झाडाचा डोळा तिच्यात बसवायचा आणि वरून केळीचं सोपट बांधायचं. हात जरा जड पडला की डोळा मेला. जन्मभर त्याने हेच केलं, याच एका चाकूने. मुठीवर त्याने तापल्या सुईने तीन ठिपके डागले होते, यशोदाच्या हनुवटीवर गोंदलेले होते तसे. चाकू दुसऱ्याच्या हातात तो देत नसे. पारावर बसला की मात्र पातं उघडून दाखवायचा. “काय लोखंड शे दखा. इतला सालमा झिजनं नही!”

आणि आता धरणगावचं हे दुकान धारेचा मालच बंद करणार होतं. लखीचंदची आई, झमकूबाई, हिने नेम घेतला होता. उद्यापासून जैनांचं पजुसण, आणि उद्यापासून सुरी, विळा, वस्तरा दुकानात कायमचा बंद. हे कळल्यापासून अभिमनच्या जिवाला घोर लागला होता. तसाच आणखी एक घेऊन ठेवावा का? एक की दोन? साठी उलटलेल्या माणसाने दोन चाकू घ्यायचे म्हणजे यमाकडून मुदत वाढवून आणल्यासारखंच. सून पुष्पाबाई तर सकाळी म्हणालीच, “दोन कसाले, आबा? एक आठे वापराले, एक वर नेवाले?” तो हसला नव्हता. आयुष्यात दुसऱ्यांदा चाकू घ्यायचा म्हणून धुतलेलं धोतर नेसून तो निघाला होता.

दुसऱ्यांदा!

“लखी, त्याला आत पाठव.” दुकानामागच्या दारातून आवाज आला. झमकूबाई उंबऱ्याशी पाटावर बसली होती. हातात माळ होती. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी तिने बरोबर अभिमनच्या दिशेने मान वळवली. “बैठ रे बेटा. आज ना उद्या तुला कळायचंच होतं. खोटं नाही सांगत तो. तुझी घरवाली यायची.”

“कसाले, माजी?”

“तू हरवायचास म्हणून.”

अभिमन उभाच राहिला. कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं. “मी? मनाकडथीन आजलोंग सुईबी हराई नही!”

“तेच सांगायची ती,” झमकूबाई म्हणाली. “पहिल्यांदा आली तेव्हा रडत होती. म्हणाली, सकाळपासून शोधतायत, पोटात अन्न नाही, सगळा मळा पालथा घातला. चाकूचं माप बोटावर घेऊन आली होती, हे एवढं. मी म्हटलं, अगं, हरवला तर हरवला, सांग त्याला. तर म्हणाली, माजी, हरवायची मला सवय आहे, त्यांना नाही. त्यांना सोसायचं नाही.”

झमकूबाईने माळेचा एक मणी पुढे सारला.

“त्या पायरीवर बसून नवं पातं चिंचेने काळं केलं तिने. मूठ दगडावर घासली. सुई माझ्या चुलीत तापवली, चिमटा मी धरला होता. तीन ठिपके तिने डोळे मिटूनसुद्धा काढले असते. बदल्यात टोपलीभर लिंबं दिली मला. मग पुन्हा आली. पुन्हा आली. दर खेपेला लिंबं.”

त्याने फळीवरचा चाकू उचलला आणि उजेडात धरला. पहिल्या चाकूवर ठिपके डागताना सुई घसरली होती, मधला ठिपका बाजूला गेला होता. हे त्याला पक्कं आठवत होतं. इथे तिन्ही ठिपके एका रेषेत होते. सालीखालची हिरवी रेघ ज्या डोळ्यांना दिसायची, त्या डोळ्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. पातं न झिजण्याचं कौतुक त्याने गावभर सांगितलं होतं, याच दुकानात लखीचंदच्या बापालाही सांगितलं होतं. म्हातारा तेव्हा नुसता मिशीत हसला होता.

एकेक दिवस आठवू लागला. चाकू गहू ठेवायच्या कोठीमागे सापडलेला. गोधडीच्या घडीत सापडलेला. एकदा तर गुरांच्या गव्हाणीत. दर वेळी यशोदाच यायची, धापा टाकत, चाकू घेऊन, “सापडना, सापडना!” आणि दर वेळी तो तिच्यावरच खेकसायचा, “तूच ठेया व्हशी तठे! मन्या वस्तूले हात लावू नको, कितलाव सांगं!” ती पदराने तोंड पुसून चुलीकडे वळायची.

आणि ती फुली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नदीवर धुणं धुताना यशोदाच्या नाकातली फुली पाण्यात गेली. त्याने दुसरी कधी घेऊन दिली नाही. घेता आली नसती असं नाही. पण घरात काही सांडलं, काही विसरलं की त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, “फुली हरावनारी बाई तू. मना चाकू दख, लगीनपशी एकच खिसामा शे.” गेल्या साली तिला तिरडीवर ठेवली तेव्हाही नाक तसंच मोकळं होतं. आणि हे वाक्य ती तीस-पस्तीस वर्षं ऐकून घेत होती, खिशातला चाकू कुठला आहे हे ठाऊक असून.

“शेवटी आली तेव्हा दोन नेले,” झमकूबाई म्हणाली. “खोकला फार होता. म्हणाली, एक या खेपेला हरवलेल्याच्या जागी, आणि एक मी नसताना हरवला तर. तोसुद्धा डागून, काळा करून नेला. घरात कुणाकडे दिला ते मला नाही माहीत.”

तिने माळ मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. “संवत्सरीला आम्ही सगळ्यांची माफी मागतो. तू तेव्हा इथे नसशील, म्हणून आजच खमावते. तुझ्याशी खोटेपणा झाला, त्यात मीही होते. माफ कर, बेटा.”

आईच्या वयाची बाई आपल्यासमोर हात जोडते आहे, हे अभिमनला बघवेना. “नही माजी, नही,” एवढंच तो पुटपुटला. त्यालाही कुणाची तरी माफी मागायची होती. ती घ्यायला माणूस राहिलं नव्हतं.

बाहेर लखीचंदने दोन्ही चाकू कागदात गुंडाळून ठेवले होते. “बांधू ना, आबा? उद्या मिळायचे नाहीत.”

“राहू द्या, शेठ. घरमा शेतस.”

धरणगावाहून गाव तासाभराच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती. ओळखीच्या एकाने बैलगाडीतून हाक मारली, “आबा, बसा वर!” अभिमनला ती ऐकूच आली नाही. चालता चालता तो मध्येच थांबायचा, खिशात हात घालून चाकू चाचपायचा आणि चटका बसल्यासारखा हात काढून घ्यायचा.

घरी पुष्पाबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. “उनात का आबा? दखाडा तरी तुमना नवा चाकू!”

“नही लिधा.” तो खाटेवर बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेतच ठरवलं होतं. हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदाच उच्चारत होता. “पुष्पा, मना चाकू हराई गया.”

पुष्पाबाईचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “कोठे?”

“काय ठाऊक. मीच हरावा. मनीच चूक.”

ती उठली, हात झटकले आणि आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण कुरकुरलं. मग उगीच भांडी इकडची तिकडे केल्याचा आवाज आला, खूप शोधाशोध चालल्यासारखा. अभिमन मान खाली घालून ऐकत राहिला. असाच आवाज पूर्वीही यायचा. तेव्हा तो आत ओरडून बोलायचा.

“सापडना, आबा!” पुष्पाबाई दारात आली. धाप तिला नीट लावता येत नव्हती. “जातामांगे व्हता. तुम्हीन लई गयातच नही आज.”

धारेची वस्तू हातात देऊ नये म्हणून तिने चाकू त्याच्यासमोर भुईवर ठेवला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. मुठीवर तीन ठिपके होते, एका रेषेत. मधल्याभोवती सुई जरा जास्त वेळ टेकल्याचा काळा डाग होता, खोकल्याची उबळ आली असावी तसा.

अभिमनने तो दोन्ही हातांनी उचलला.

“कोनी ठेया व्हता जातामांगे?” असं त्याने विचारलं नाही. पुष्पाबाई त्या प्रश्नाची वाट बघत उभी होती, खेकसणं ऐकून घ्यायला खांदे आवळून.

“बरं सापडना,” तो म्हणाला. “शेंगा निवड तू.”

चाकू त्याने बंडीच्या खिशात टाकला आणि मागच्या लिंबोणीकडे निघाला. दुसऱ्याच पावलाला खिशात पितळेवर पितळ आपटून बारीक आवाज झाला. त्याने पटकन खिशात हात घातला. दोन चाकूंच्या मध्ये बोटं धरून, पुष्पाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून, तो हळूहळू ओटा उतरला.