पांगाऱ्याचा काठ

त्या वर्षी पांगाऱ्याने शब्बीरला पार वैताग आणला. खरं म्हणजे पांगाऱ्याने नव्हे, पांगारे ज्यांच्या बांधावर होते त्या माणसांनी. पण परगावच्या माणसांवर ओरडून चालत नाही, म्हणून तो झाडालाच शिव्या घालायचा.

भोरात शब्बीर लाकडी ठसे कोरायचा, छिटाच्या कापडावर काठ छापतात ते. बापाने कोरलेली कोयरी तोही जन्मभर कोरत आला, आणि आता ती कोयरी कुणाला नको झाली होती. बाजारात गिरणीचं छीट आलं होतं, नाना फुलांचं. कापड छापून विकणाऱ्या कुंडलिकशेटनी त्याला सरळच सांगितलं, "लग्नसराईच्या आत नवं काही आण. नाहीतर तुझे ठसे आमच्याकडे बंद."

शब्बीरच्या डोक्यात पांगारा बसला. पानं झडली की झाडावर नुसते लाल घोस. टोकाला वाकड्या कळ्या, मधे अर्धवट उघडलेल्या, बुडाशी पुरतं फुललेलं फूल. हे सगळं एका काठात आणलं तर गिरणीवाल्यांनी तोंडात बोट घालावं, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून तो कागद-पेन्सिल घेऊन किकवी गावाच्या वरच्या अंगाला गेला, गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसला आणि दिवसभर कळ्या काढल्या.

पुढच्या खेपेला गेला तर झाड नाही. बुंधा तेवढा उरलेला.

"वाळवी लागली व्हती," गेनबा आभाळाकडे बघत म्हणाला. लाकूड चांगलं पांढरंशुभ्र होतं. वाळवीचं नाव नाही.

शब्बीर चरफडत गेनबाच्याच पलीकडच्या बांधावर गेला. तिथल्या झाडाच्या अर्ध्या उमललेल्या कळ्या कागदावर उतरवल्या. निघताना बघतो तर त्याच्या पिशवीत कुणीतरी अंडी ठेवलेली, गवतात नीट गुंडाळून.

"हे काय?"

"ऱ्हाऊ द्या, सायेब," गेनबा हात जोडून म्हणाला. "तेवढं आमचं झाड लिवू नका, म्हंजे झालं."

"अहो, मी कसला साहेब! परकराच्या काठाला फूल पाहिजे मला. ठसा कोरायचाय!"

गेनबा मान हलवून हसला. "सांगायचं नसंल तर नका सांगू. पन भोरास्नं हितवर उन्हात कुनी परकरासाठी येतं व्हय?"

आता याला काय म्हणावं? शब्बीरने खरं सांगितलं, पुन्हा सांगितलं, अल्लाची शपथ घेऊन सांगितलं. जितकं सांगावं तितके ते लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत. त्याने जंगलखात्याचा माणूस आहे म्हणून थाप मारली असती तर निदान पटली तरी असती. त्यानंतर ते दुसरं झाडही पडलं.

राहिला चढावरच्या म्हाताऱ्या सगुणाबाईंचा पांगारा. लग्नसराई तोंडावर आली होती, आणि शब्बीरकडे कळ्या होत्या, अर्धवट कळ्या होत्या, फूल मात्र नव्हतं. तो धापा टाकत चढ चढून गेला तर म्हातारी कोयता घेऊन झाडाशेजारी उभी, आणि गडी शेवटचे घाव घालत होता. शब्बीर ओरडेपर्यंत झाड आडवं झालं. लाल फुलं मातीत चेंगरली.

"अहो मावशी! काय केलंत हे!" संतापाने त्याला रडूच यायला लागलं. "माझं पोट आहे त्याच्यावर! तुमच्या झाडाचं मी काय घोडं मारलं होतं?"

सगुणाबाई शांतपणे कोयता पुसत होत्या.

"धरनात आमची जमीन गेली," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी असाच एक जन आला व्हता. सासऱ्यानं लावल्याला आंबा व्हता आमचा, त्याच्याखाली बसून कागदावर झाडं लिवत व्हता. त्यानं पानी मागितलं. आंब्याला लई बरं म्हनला. वंगाळ न्हवता वो तो मानूस. मीच त्याला भाकर दिली." त्यांनी कोयता खाली केला. "मंग पानी आलं."

शब्बीरचा राग गेला नाही, पण तो काढायचा कुणावर हेच त्याला कळेना. मग त्याने पिशवीतून कागद काढले, कळ्यांचे आणि अर्ध्या कळ्यांचेही, आणि त्यांच्यासमोर टराटरा फाडले. तुकडे त्यांच्या हातात दिले.

"घ्या. चुलीत घाला."

सगुणाबाईंनी तुकडे उलटेसुलटे करून पाहिले. आकडे नव्हते, अक्षर नव्हतं. नुसत्या कळ्या.

"फुलंच हायती की वो ही," त्या नवलाने म्हणाल्या. थोड्या वेळाने हलक्या आवाजात बोलल्या, "घराच्या मागल्या अंगाला घळीत एक झाड हाय. कुनाला दिसत न्हाई. चला. पर कागूद काडायचा न्हाई."

तो घळीत दिवस कलेपर्यंत बसला. हात मोकळे, खाज सुटल्यासारखे वळवळणारे. सगुणाबाई कोयता मांडीवर ठेवून शेजारी राखण करत होत्या. शब्बीर डोळे मिटायचा, फूल आठवायचा, उघडून ताडून बघायचा, चुकलं की स्वतःवरच खेकसायचा. भोरची वाट त्याने तशीच पाकळ्या घोकत, ठेचकाळत तुडवली.

ठसा झाला. कुंडलिकशेटनी पहिला छाप उन्हात धरला आणि बघतच राहिले.

"वा! ही लग्नसराई आपली!" ते म्हणाले. "कुठलं रे हे झाड? माझा माणूस पाठवतो, आणखी चार तऱ्हा उतरवून आणील. जागा सांग."

महिनाभर खरं सांगून सांगून शब्बीरची जीभ झिजली होती.

"झाड नाही, शेट," तो म्हणाला. "मनातलंच आहे."

शेटना ते लगेच पटलं.