काचेपलीकडचा मासा

माझ्या मुलाला, फोल्करला, न विचारता भलं करायची खोड आहे. त्या रविवारी आला, केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि मी खुर्चीत डुलकी घेत होते तेवढ्यात टाकीतला एकटा नर मासा जाळीने काढून मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात देऊन आला.

"अगं आई, दिवसभर काचेला धडका. तुझ्या डोक्याला ताप नुसता," म्हणाला. "आता बघ, कसं शांत वाटतंय."

टाकी आमच्या ह्यांची. एगॉनचं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं, म्हणून घरात त्यांना उजेडाचं पाणी हवं होतं. सिक्लिड मासे, दिसायला देखणे आणि स्वभावाने फौजदार. मध्ये काच, अलीकडे काळ्या पट्ट्यांची जोडी, पलीकडे तो नर. जोडी मिळून त्याच्यावर धावून जायची, मग दमून एकाच मडक्यात अंगाला अंग लावून बसायची.

दुपारी कॉफी घेऊन मी समोर बसले की डोळे जड व्हायचे. हिरवा उजेड भिंतीवर हलायचा. वाटायचं, सगळ्या वस्तीवर पाणी चढलंय, मासे खिडक्यांतून ये-जा करतायत, एगॉन टोपीवरचा दिवा लावून त्यांच्यामागून सावकाश चाललेत. आणि जिन्यात याब्लोन्स्कीबाई तरंगत तरंगत पायऱ्या पुसतायत, कोपरे सोडून.

याब्लोन्स्कीबाई समोरच्या दारातली. जिना पुसायची पाळी आठवड्याने बदलते, आणि पाळीची पाटी दाराच्या मुठीला अडकवायची असते. ही बया आपली पाळी अर्धी टाकून पाटी माझ्या दाराला लावते. नवी सून म्हणून आले तेव्हापासून आमचं जुंपलेलं आहे. फोल्करच्या मते हिनेच माझं रक्त आटवलं. म्हणून त्याने आणि माझ्या सुनेने, झिल्केने, म्युन्स्टरला आपल्या घरी माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती.

मासा गेला आणि टाकी चर्चसारखी गप्प झाली. जोडीतला नर काचेपाशी जाऊन थांबायचा, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग एका सकाळी वळला आणि बायकोवर धावला. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या नळीमागे कोपऱ्यात, शेपटी चिरफाळलेली, वरच्या वर श्वास घेत होती. तिचं काही खरं नव्हतं.

मी एगॉनचा दाढीचा आरसा आणून बाहेरून काचेला टेकवला. नराने गाल फुगवले आणि स्वतःवरच तुटून पडला. उन्हं उतरेपर्यंत लढला. मादी हळूच खाली आली, आणि जरा वेळाने, फाटक्या शेपटीनिशी, त्याच्या बाजूने उभी राहिली.

शनिवारी फोल्कर खोकी घेऊन आला. जिन्यातून आवाज आला, "काय रे फोल्कर, नेतोस का वाल्बुर्गाबाईला? मग ही पाटी मी कुणाच्या दाराला लावू?"

"स्वतःच्या गळ्यात घाला," मी आतून म्हटलं.

"ऐक. जायला निघाली तरी जीभ इथेच."

एवढं बोलून बाई घरात गेली नाही. हातात बादली धरून तिथेच उभी राहिली.

फोल्करला आरसा दिसला. "हे काय?"

मी सगळं सांगितलं. तो मादीच्या शेपटीकडे बघत राहिला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "मासा परत आणतो. पण तू चल, आई. झिल्केनं पडदेसुद्धा शिवलेत. तिथे तुला शब्दानं दुखवणारं कुणी नाही."

"तेच तर," मी म्हटलं. "तुझी झिल्के गुणाची आहे, फोल्कर. उलट बोलत नाही, कोपरेसुद्धा पुसते. तुझ्या घरात मला भांडायला तिच्याशिवाय कुणी नसेल, आणि ती मला पुरायची नाही. वर्षाच्या आत खाऊन टाकीन मी तिला. खोकी रिकामीच परत गाडीत ठेव, आणि दार उघडंच राहू दे, त्या बाईला मला अजून उत्तर द्यायचंय."