जागचं हलायचं नाही

परदेशी निघालेल्या माणसांना माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. जी बॅग तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही, ती नेऊ नका. तिकडे हमाल नसतो आणि जावईही नसतो. सगळे खो खो हसतात आणि घरी जाऊन तीच अवजड बॅग भरतात.

मी सहलींच्या ऑफिसात आहे. माणसं घेऊन जातो तो टूर मॅनेजर वेगळा, मी त्यांना निघण्याआधी शहाणं करते. म्हणजे तसा प्रयत्न करते. ऑफिसच्या वरच्या खोलीत खुर्च्या मांडायच्या आणि घसा फोडायचा. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, वर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, सुट्या गोळ्या बघून तिकडचा अधिकारी काय समजायचं ते समजेल. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी कपड्यांच्या घडीत लपवू नका, चोराच्या आधी तुम्हालाच सापडणार नाही. नवे बूट पहिल्यांदा विमानात घालू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हरवलात तर जागचं हलायचं नाही. जो हरवला त्याने आहे तिथेच थांबायचं, जोडीदाराने शोधत यायचं. दोघंही फिरत बसलात तर दिवसभर एकमेकांच्या मागे फिराल.

या खेपेला पहिल्या रांगेत माझी आई आणि मावशी बसल्या होत्या, आणि दोघींच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. सख्ख्या बहिणी, पण एकमेकींशी बोलत नाहीत. आजी गेली तेव्हा आई तिच्याजवळ होती. मावशीला निरोप उशिरा मिळाला, ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हा माणसांनी भरलेल्या घरात मावशी म्हणाली, "ताई, तुला आईचा शेवटही एकटीलाच हवा होता." झालं! तेव्हापासून जे काही असेल ते माझ्यामार्फत. शेजारी बसल्या तरी "तिला सांग, तिचा चष्मा खाली पडलाय." मी सांगायचं, "मावशी, चष्मा." मावशीने उचलायचा आणि म्हणायचं, "तिला सांग, दिसलाय मला."

दिसला नव्हता. खरा घोर तोच होता. मावशीची नजर चालली आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, काय बघायचं असेल ते आत्ताच बघून घ्या. मावशीला बर्फाचे डोंगर बघायचे होते, लहानपणापासून. टूर मॅनेजर म्हणाला, अशा माणसाबरोबर हात धरणारं घरचं कोणीतरी हवंच, नाहीतर मी नेणार नाही. त्याचं चूक नव्हतं. मावशीला मूलबाळ नाही, काका केव्हाच गेले, मला ऑफिस सोडता येत नाही. उरली आई. आईचं आपलं "बघू." शेवटी म्हणाली, "सरावाला येते, मग सांगते." सरावानंतर नावं पक्की व्हायची होती. आईने नाही म्हटलं की मावशीचे डोंगर संपले.

सराव म्हणजे मी सगळ्यांना मोठ्या रेल्वे स्टेशनवर नेते. तिथे सरकते जिने आहेत, आपोआप उघडणारी फाटकं आहेत, पाट्या वाचत जायला लागतं, गर्दीत जोडीदार सांभाळायला लागतो. ज्याला इथे जमलं त्याला तिकडेही जमतं. आई-मावशींची जोडी मी मुद्दाम लावली. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना विहिरीत ढकलते आहे.

"सरकत्या जिन्यावर शेजारी शेजारी," मी बजावलं आणि बाकीच्यांना घेऊन पुढे गेले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांना तिकडच्या प्लगची भोकं गोल असतात की चपटी याचीच काळजी. त्यांना समजावता समजावता मी प्लॅटफॉर्मपर्यंत पोचले. वळून पाहते तर आई नाही आणि मावशीही नाही.

कपाळ माझं! बाकीच्यांना बाकावर बसवलं आणि उलट पावली निघाले. जिन्याच्या वरच्या टोकाला कठड्याला धरून मावशी उभी होती, अगदी ताठ.

"इथे काय करतेस?"

"हरवलेय. हलायचं नाही म्हणालीस ना?"

"आणि आई?"

"तीच येईल शोधत. हरवले मी, शोधायचं तिने." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ती शेजारी आहे असं समजून मी सगळा जिना बोलत आले गं. इतक्या वर्षांचं साठलेलं. म्हटलं, समोर तोंड बघायला नको, तोवर बोलून टाकावं. वर आले तर शेजारी कोणी भलताच माणूस. तोही बिचारा 'बरं, बरं' म्हणाला आणि निघून गेला."

"काय बोललीस?"

"ते तुला नाही सांगायचं," मावशी म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता, मला दिसत होतं.

मी बाजूच्या साध्या पायऱ्यांनी धावत खाली आले. जिन्याच्या पायथ्याशी, पर्स पोटाशी धरून, आई.

"मी हरवलेय," मी काही विचारायच्या आत आई म्हणाली. "पायऱ्या आपोआप सरकतात, पाय टाकवेना. तोवर ती गेली पुढे. वळूनसुद्धा बघितलं नाही. आता येईल शोधत."

"तिला दिसतं का वळून बघायला?"

"मग तू सांग तिला, मी इथे आहे."

माझं डोकंच फिरलं. स्टेशन आहे, लोक बघतायत, काही भान राहिलं नाही. "मी कोणाला काही सांगणार नाही! ती वर उभी आहे, म्हणते मी हरवले, ताई येईल. तू खाली उभी आहेस, म्हणतेस मी हरवले, ती येईल. तुम्हा दोघींचं आजी गेल्यापासून हेच चाललंय! दोघी आपापल्या जागी थांबून राहिल्या आहात. तिचे डोळे थांबणार नाहीत, आई."

मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत.

"आणि एक सांगते. सगळा जिना ती तुझ्याशी बोलत गेली. तू शेजारी आहेस असं समजून."

आईने वर पाहिलं. "काय म्हणाली?"

"मला नाही सांगितलं. जाऊन विचार."

आई त्या जिन्याकडे बघत राहिली. मागून येणारे वैतागून वळसा घालून जात होते. साध्या पायऱ्या शेजारीच होत्या, पण तिचे गुडघे तेवढ्या चढू देत नाहीत. तिने पर्स माझ्या हातात कोंबली, डोळे मिटले, आणि विहिरीत उडी मारावी तसा पाय टाकला. मी मागच्या पायरीवरून तिची कंबर धरली. वर पोचल्यावर धडपडलीच, आणि सावरायला जे हाताला लागलं ते मावशीचं मनगट होतं.

"कोण?" मावशी म्हणाली.

"मी."

मावशीने तो हात चाचपला. मग आईच म्हणाली, "त्या माणसाला काय सांगत होतीस?"

"म्हटलं, त्या दिवशी मी नको ते बोलले. आणि म्हटलं, तरी मला एकदा उठवायचं होतंस, ताई. मी अनवाणी आले असते."

"तो काय म्हणाला?"

"बरं, बरं."

आई हसली नाही. "डॉक्टर म्हणाले होते, सकाळपर्यंत काढेल. तू दिवसभर आईची उस्तवार करून घरी गेली होतीस, म्हटलं चार तास झोपू दे. मला काय माहीत गं, बारके." बारकी हे मावशीचं घरातलं नाव. मी ते आईच्या तोंडून ऐकून वर्षं लोटली होती. "तेव्हाच सांगायचं होतं. तू बोललीस आणि माझं तोंडच शिवलं."

मावशी रडायला लागली, आईसुद्धा. माझंही काही धड नव्हतं. प्लॅटफॉर्मवरून बँकवाले काका शोधत आले आणि आम्हाला बघून प्लगचं विसरले.

निघताना आई माझ्याकडे वळली. "तिला सांग, बर्फातले बूट आत्तापासूनच..." आणि थांबली. मावशीचा हात आपल्या काखेत घट्ट धरला आणि तिच्याकडे वळली.

"बारके, नवे बूट उद्यापासून घरातच घालून फिर. नाहीतर तिकडे डोंगर बघायचे सोडून पाय धरून बसशील."