दादऱ्याखालची मेणबत्ती

मित्रांनो, मी एक अर्धी जळलेली मेणबत्ती आहे. मी राहते ती चिनी मातीची बरणी मात्र माझ्याहून कितीतरी जुनी आहे. चौलच्या गोदावरीकाकूंच्या घरात तिच्यात वर्षानुवर्षं लिंबाचं लोणचं असायचं. काठाचा टवका उडाला, लोणच्याच्या कामातून ती बाद झाली आणि काकूंच्या सुनेने, अनुयाने, तिच्यात मला ओतलं. म्हणजे जन्मापासूनच मला दुसऱ्याचं उतरलेलं घर मिळालं.

आम्ही चौघी एकाच पातेल्यातल्या. अनुयाने सोयाचं मेण मंद आचेवर वितळवलं, खाली उतरवून त्यात केवड्याचं सुगंधी तेल घातलं आणि वाती सरळ उभ्या राहाव्यात म्हणून त्यांना कपड्यांचे चिमटे लावले. एक बहीण मुंबईहून आणलेल्या निळ्या कपात गेली. दोघी जणी खोबरेल लावून चकचकीत केलेल्या करवंट्यांमध्ये गेल्या. उरलेलं मेण या टवक्याच्या बरणीत. त्या निळ्या कपाकडे पाहून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते तेव्हापासून.

अनुया लग्नाआधी मुंबईत नोकरी करायची. इथे नारळी-पोफळीच्या वाडीत आल्यावर तिला स्वतःचं असं काहीतरी उभं करायचं होतं. तिचा नवरा सुयश या उद्योगाला कौतुकाने ‘मेणाचा खेळ’ म्हणायचा आणि त्या कौतुकाने ती आणखीच खट्टू व्हायची. नागावला पाहुण्यांसाठी खोल्या चालवणारी दिशा तिला म्हणाली होती, वास आवडला तर प्रत्येक खोलीत तुझीच मेणबत्ती ठेवीन. हा खेळ नाही हे घराला दाखवायची अनुयाला तेवढी एकच संधी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी दिशा आली. अनुयाने निळा कप उचलला. मला न्यायचं सोडून त्या दिखाऊ कपाला ओटीवर मिरवत नेलं. त्यातली माझी बहीण पेटली. आधी वातीचा वास आला, मग मेणाचा. केवडा काही केल्या येईना. दिशाने पार नाक खाली नेऊन पाहिलं.

“दिसायला छान आहे गं,” ती म्हणाली, “पण वास कुठाय?”

दत्ताच्या जत्रेला तिच्या सगळ्या खोल्या भरणार होत्या. त्याआधी जमलं तर बघू, नाहीतर मी मुंबईहूनच मागवते, असं सांगून ती गेली. अनुयाचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते मित्रांनो, मला गुदगुल्या होत होत्या.

काकूंना सुनेचा पडलेला चेहरा पाहवेना. “घातल्या दिवशी लोणच्याची बरणी उघडतं का कुणी? मुरू दे की जरा,” त्या म्हणाल्या. ही गोष्ट त्यांची अगदी बरोबर होती. पण मुरवायचं म्हटलं की काकूंना साखरांबा आठवतो, आणि साखरांबा मुरतो तो उन्हात. सकाळी अनुया बाजारात गेल्यावर त्यांनी आम्हा तिघींच्या तोंडावर बरणीला बांधतात तसा पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला आणि आम्हाला अंगणात नेलं. सुपारी वाळत होती तिथली लख्ख उन्हाची जागा करवंट्यांना मिळाली. मला जागा पुरेना, म्हणून मी तुळशीच्या मागे, सावलीत. पुन्हा मीच मागे! माझ्या बहिणी ऊन खात बसल्या होत्या आणि मी रागाने थिजून त्यांच्याकडे बघत होते.

दुपारपर्यंत करवंट्यांमधलं मेण पाघळलं, कलंडलं, तेल वर सुटून दादऱ्यात उतरलं आणि सगळा केवडा अंगणभर उडून गेला. अनुया परतली तेव्हा दोन्ही करवंट्यांना मुंग्या लागल्या होत्या. ती एक करवंटी हातात घेऊन पायरीवर बसली आणि रडली. काकू तिच्याजवळ खाली बसल्या. “मला वाटलं, लवकर मुरेल,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मग अनुयाने मेणबत्त्या करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन लावला. साधं मेण दोन-तीन दिवसांत पेटवायला तयार होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने पूर्वी तेच वापरलं होतं. सोयाच्या मेणाला मात्र, बाई म्हणाल्या, निदान पंधरवडा द्यावा लागतो, तोवर सुगंध त्याच्यात नीट जिरत नाही, आणि तोही झाकून, थंड काळोखात. काकूंनी ते ऐकलं, उठल्या आणि लोणच्याच्या कपाटातली आपली कैरीची मोठी बरणी बाहेर काढून त्या जागी मला ठेवलं. कपाटाची चावी कनवटीला लावली, कारण सुनेला मधेच वास घेऊन बघायचा मोह होणार हे त्या ओळखून होत्या.

कपाटातले दिवस काय सांगू! शेजारी लोणची. प्रत्येक जेवणाला कुणाची तरी बरणी बाहेर जायची, कुणाची तरी वाहवा व्हायची. आवळ्याचं लोणचं तर परत येताना फुगलेलंच असायचं. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्या काळोखात मी मत्सराशिवाय दुसरं काही केलं नाही. केवडा आपला आपण माझ्यात उतरत होता, ते मला कळलंही नाही.

पंधरवडा उलटला आणि जत्रेच्या आदल्या दिवशी काकूंनी दादरा सोडला. अनुयाने काडी ओढली. मी पेटले, वरचं मेण काठापर्यंत वितळलं, आणि तेवढ्यात बेड्याशी, वाडीच्या फाटकाशी, स्कूटर थांबली.

“काकू,” दिशाने तिथूनच विचारलं, “मार्गशीर्षात केवडा कुठे फुललाय तुमच्या वाडीत?”

सगळ्या खोल्यांसाठी मेणबत्त्या ठरल्या. या जत्रेला नाही, तर पुढच्या पाहुण्यांपासून. कारण यापुढे घाई करायची नाही, असं अनुयाने स्वतःच तिला सांगितलं. दिशाने अनुयाचं कौतुक केलं, अनुया म्हणाली आईंनी मुरवली, सुयशने नवं मेण आणायला रेवदंड्याला गाडी काढली. माझं नाव कुणी घेतलं नाही. घेतील असं वाटलं होतं.

आता मी ओटीवर असते. संध्याकाळी थोडा वेळ जळते, मग माझ्यावर झाकण बसतं. आत कपाटात माझ्या जागी नव्या बरण्या दादरे बांधून बसल्या आहेत. सासू-सुना मिळून रोज दार उघडतात, त्यांना न हलवता नुसतं पाहतात आणि हळूच बंद करतात. ज्या काळोखाला मी एवढी वैतागले, त्याच काळोखात त्यांचं सगळं जळणं अजून शिल्लक आहे. माझं निम्मं संपलं.

मित्रांनो, तुम्हाला कुणी थांबवून ठेवलं तर आधी पेटलेल्यांचा हेवा करण्यात ते दिवस घालवू नका. मी ते घालवले. आणि एक विनंती आहे. मी संपले की ही बरणी टवका आहे म्हणून फेकू नका. गरम पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा. तिच्यात पुन्हा कुणीतरी ओतली जाईल, तिच्यावर स्वच्छ दादरा बांधला जाईल आणि तिला काळोखात ठेवतील. अजून ती जन्मलीही नाही, तरी तिच्याइतका हेवा मला आजवर कुणाचा वाटला नाही.