हिंगणीपर्यंत जाणारी हाक

"कोणी इश्वास ठेवणार नाई, पण आमच्या तानबाची हाक आंजीच्या विहिरीवरून निघे, अन् पार तिकडं हिंगणी गावचे बैल कान टवकारत!"

मधुकरराव बोलले. समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या आचलनं मान वर न करताच विचारलं, "आबा, पहिला सूर कोणता?"

तानबा म्हणजे मधुकररावांचे थोरले भाऊ, आचलचे आजोबा. मोट हाकताना ते गात. ते वारले तेव्हा त्यांचा आवाज कोणी भरून ठेवलेला नव्हता. गाणं उरलं ते मधुकररावांच्या गळ्यात, आणि तो गळाही हल्ली मध्येच दगा देई. आपल्याबरोबर हेही जायला नको, एवढीच म्हाताऱ्याची तळमळ होती.

ते गात, आचल सुरांची अक्षरं टाइप करी आणि सॉफ्टवेअर त्यांची स्वरलिपी काढून दाखवी. बैल मागे सरतानाचं ठेक्याचं गाणं झकास उमटलं. मग मोट ओढतानाची लांब हाक आली, आणि दर चार मात्रांनी तिच्यात उभी रेघ पडू लागली.

"अवं पोरी, हे कुंपण काऊन घालून राह्यली? मोट वर येईस्तोवर हाक चाले. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं का हाकही लांबे. तिले कायची मात्रा?"

आचलनं हाकेआधी एक शब्द टाइप केला. रेघा गायब! "आत मात्रांची मोजणी चालू असते, आबा. ती बंद केली. आता सूर पुढं जातात, पण मोजणी जागच्या जागी उभी. ठेका परत आला का थांबली होती तिथूनच चालू लागते."

"म्हणजे आमचा पवळ्या बैलच की! तंबाखू मळायले थांबलं का थांबे, हाकललं का त्याच पावलापासून निघे."

पण हाक कागदाच्या उजव्या कडेबाहेर निघून गेली. अर्धे सूर दिसेनात.

"पाह्यलं? गेली हिंगणीले!"

"हसू नका. ओळ रेघेपाशीच मोडते. रेघच नाई, तर मोडणार कुठं? न दिसणारी एक रेघ टाकावी लागते, नाई तर अर्धी हाक गेली समजा. आजोबा दम कुठं घ्यायचे?"

तानबानं कधी दम घेतलाच नाही, हे मधुकररावांनी आजवर गावभर सांगितलं होतं. जागा सांगावी तर गोष्ट बुडते. न सांगावी तर हाक. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. तिथं तानबांच्या पत्नी भागीरथाबाई मघापासून मुकाट मेथी निवडत होत्या. मग सवयीनं जीभच पुढे धावली.

"दम? तानबा अन् दम? मोट वर आली, वाफे भिजले, वांगी लागली, तोडून वर्ध्याच्या बाजारात गेली, तरी हाक चालूच—"

"खोटं!" भागीरथाबाईंच्या हातातली जुडी परातीत पडली. "साफ खोटं, भाऊजी! थे अर्ध्या उतारावर दम घेत. पाणी वळवायले मी वाफ्यात उभी राहो. हाकेतल्या तिसऱ्या 'हो'पाशी माह्याकडे पाहत, अन् मंगच पुढचा सूर लावत. टाक वं आचल, तिथं टाक रेघ."